नलूचं मीठ

"हॅलो, फराळवाले ना?" पलीकडून बाई म्हणाली आणि जाईबाईंच्या बोटांतला वाल सुळकन निसटून परातीबाहेर उडाला. त्यांच्या फोनवर आजवर इनमीन पाच माणसांचे आवाज आले होते. मुलगा राजेश, सून सीमा, नात आकांक्षा, सावंतवाडीची धाकटी बहीण आणि महिन्यातून एकदा गॅसवाला. सहावा आवाज आला की आधी तो ऐकून घ्यायचा, मग झाडायचा, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. "मी सकाळी तुमच्याकडे ऑर्डर दिलीय," बाई सांगत होती, "चकली भाजणीची आहे का तांदळाची, एवढंच विचारायचं होतं." राँग नंबर म्हणून ठेवून देता आलं असतं. पण जाईबाईंना कुणी चकलीबद्दल विचारावं आणि त्यांनी 'मला ठाऊक नाही' म्हणावं, असं लालबागच्या या खोलीत गेल्या पन्नास वर्षांत घडलं नव्हतं. "चकली भाजणीचीच असते," त्या म्हणाल्या. "बाकीची सोंगं. आणि भाजणी भाजताना डाळ करपली असेल तर वासावरनंच कळेल, परत पाठवा." पलीकडची बाई एवढी खूश झाली की "थँक्यू हां आजी" म्हणून तिनं फोन ठेवला. जाईबाई ओल्या बोटांनी फोन पदराला पुसत राहिल्या. आजी कुणाला म्हणाली ही? आणि म्हणाली ते बरं वाटलं, ते का?

दुसरा फोन खोताच्या वाडीतून, एका गृहस्थांचा. अनारसे शनिवारपर्यंत येतील ना, पाहुणे येणार आहेत. अनारशाचं पीठ मुरायला दिवस लागतात, ती काय इडली आहे, असं त्यांना ऐकवून झालं. तिसरी मुलगी लाडावलेल्या आवाजाची, तिला बिनसाखरेची करंजी हवी होती. "बिनसाखरेची करंजी म्हणजे नुसती पिशवी ती, बाय माझे," जाईबाई म्हणाल्या आणि मुलगी खदखदून हसली. चौथ्या फोनापर्यंत त्यांना सूर सापडला होता. वाल सोलता सोलता मान तिरकी करून फोन खांद्यात धरायचं सीमाचं कसबसुद्धा जमलं. पण आत कुठेतरी, सोललेल्या वालाच्या बुळबुळीत अंगासारखं काहीतरी सरकत होतं. आपल्या दाराची चौकट कुणीतरी उचलून भर रस्त्यात नेऊन उभी केली आहे आणि येणारा-जाणारा तिच्यातून सरळ आपल्या चुलीपर्यंत येतो आहे, असं काहीतरी. मध्येच फोन नुसताच थरथरायचा. दुसरी इयत्ता ही जाईबाईंची शाळा. आकडे पक्के, अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी असली तर. त्यांनी फोन लांब धरून बघितलं. कुणाचं तरी नाव, पत्ता, चिवडा, शेव. खाली पुन्हा कुणाचं तरी नाव. आठवड्यावर दिवाळी, आणि अर्ध्या मुंबईचा फराळ आपल्या ओटीत येऊन पडतो आहे.

फराळ म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गेले दोन महिने त्यांची नात दादरच्या कुठल्या फराळवाल्याचं दुकान कॉम्प्युटरवर मांडत होती. तिचं ऑफिस परळच्या काचेच्या टॉवरात. पूर्वी तिथे गिरणी होती आणि त्या गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांपुढे, जाईबाईंचे यजमान शामराव सत्तावीस वर्षं उभे होते. आज मात्र बाईसाहेब घरूनच काम करत होत्या, म्हणजे पोटमाळ्यावर मांडी घालून, कानांत बोळे घालून. जाईबाईंनी लाटणं उचललं आणि पोटमाळ्याच्या शिडीवर तीनदा हाणलं. रागावल्या की त्यांची जीभ आपोआप मालवणला जायची. "अकू, खाली उतार. माझो फोन खंयच्या दुकानात टांगलंस तू?"

शिडीवरून आधी पाय आले, मग आकांक्षा. फोन हातात घेऊन तिनं अंगठ्यानं वर सरकवलं, खाली सरकवलं, आणि तिचा चेहरा वालासारखा पांढरा झाला. ती तशीच परत वर चढली. वरून टकटक, टकटक, मग फोनवर कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलणं, पुन्हा टकटक. जाईबाई खाली मान वर करून उभ्या. दहा मिनिटांनी त्यांच्या हातातला फोन जो गप्प झाला, तो गप्पच. त्यांना उगाच चुकल्यासारखं वाटलं. करंजीवाल्या मुलीला गुळाचं सांगायचं राहिलं होतं.

आकांक्षा शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. "काय ता नीट सांग," जाईबाई म्हणाल्या, "माका समजताला अशा भाषेत." पोरीनं कपाळ दाबलं. "आजी, आम्ही दुकान आधी खोटं खोटं मांडतो. म्हणजे डेव्हमध्ये. त्यात खोटी गिऱ्हाइकं, खोट्या ऑर्डरी. सगळं नीट चाललंय ना ते बघायचं, मोडलं तर मोडू द्यायचं. मग तेच उचलून खऱ्या दुकानात ठेवायचं. त्याला प्रॉड म्हणतात."

"भातुकली आणि संसार," जाईबाई म्हणाल्या.

"हो, तसंच. दोन्हीकडे कोड एकच असतो. बदलतं ते फक्त भोवतालचं. फोन कुठे लावायचा, ऑर्डर कुठल्या वहीत लिहायची, असलं. ते सगळं एका वेगळ्या फाइलीत ठेवायचं असतं, सेटिंगच्या. डेव्हची फाइल वेगळी, प्रॉडची वेगळी. जागा बदलली की फाइल बदलायची, कोडला हात लावायचा नाही."

"मग तू फाइल बदललंस नाय."

"बदलली. आमच्या ऑफिसातल्या राहुलनं बदलली, आज सकाळी त्यानंच सगळं चढवलं. पण तुझा नंबर फाइलीत नव्हताच. मी तो सरळ कोडमध्ये लिहून ठेवला होता. तात्पुरता. घाईत होते, मग विसरले. राहुल बिचारा फाइल बदलून मोकळा झाला, आणि तुझा नंबर कोडबरोबर गेला खऱ्या दुकानात."

"पण माझाच कित्याक?"

आकांक्षा पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचं साल पुढे-मागे करत राहिली. "तोंडपाठ एकच आहे मला," ती म्हणाली.

 जाईबाई परातीपुढे बसल्या आणि वाल सोलू लागल्या. चूक दहा मिनिटांत निस्तरली होती. कुणाची, ते तेवढं बाकी होतं. बारा वाजता मीटिंग आहे, आकांक्षा सांगत होती. तिची साहेबीण, सुरुची मॅडम, फराळवाल्याला काय सांगायचं ते ठरवणार. सगळ्यांना एवढंच माहीत आहे की दुकान राहुलनं चढवलं. खोलात शिरलं तर कोड कुणी लिहिला ते दिसतं, पण एवढं खोलात बघतंय कोण? राहुलला लागून तीनच महिने झालेत. आणि तिला स्वतःला नोकरीत पक्कं करायचं पत्र याच महिन्यात मिळायचं होतं, नेमकं. "आणि तसं बघितलं तर," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "चढवल्यावर त्यानं एकदा फोन लावून बघायला हवं होतं." मग स्वतःशीच हसली. "काय गं, पार नलूचं मीठ झालं माझं."

वालाचं साल जाईबाईंच्या नखात शिरलं. नलूचं मीठ. या घरात काही अति झालं, चुकून दोनदा झालं, नको तिथे झालं, की हेच म्हणायचे सगळे. सीमानं साबण जास्त टाकला की नलूचं मीठ. राजेशनं बिल दोनदा भरलं की नलूचं मीठ. गोदरेजच्या कपाटासारखी ही म्हण घरात उभी होती, कुणी आणली, कधी आणली, विचारायचं कारणच नव्हतं. आकांक्षाला बिचारीला ठाऊकही नसेल की ही नलू म्हणजे गॅलरीत दोन दारं सोडून राहणारी, आत्ता या क्षणी कठड्यावर पापड वाळत घालून कावळे हाकणारी, तिची चुलत आजी, जाईबाईंची धाकटी जाऊ.

तेव्हा नलू अठरा वर्षांची होती, दारात नुकतं माप ओलांडलेली, आणि जाईबाई सव्वीसच्या, थोरली सून. गिरण्यांचा संप व्हायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. गौरी बसलेल्या, त्यांना नैवेद्य काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा, आणि पानं चाळीस. नैवेद्याचं चाखायचं नाही, देवीच्या आधी जिभेला लावलं की उष्टं झालं. सासूबाई नुसत्या वाफेच्या वासावर मीठ ओळखायच्या. जाईबाईंना तसं नाक नव्हतं, पण डोकं होतं. त्यांनी आदल्या दिवशी मूठभर वाटाणे वेगळे शिजवून लहान टोपात सांबारं केलं, चाखलं, चिमटीनं वाढवत नेलं, आणि हिशेब मुठीत पक्का केला. एवढ्याला इतकं तर मोठ्या टोपाला सहा मुठी. स्वतःच्या हुशारीवर त्या एवढ्या खूश होत्या की रात्री शामरावांनाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी, गौरीला सगळं कोरं हवं म्हणून शामरावांनी मिठाची नवी पिशवी आणली. पांढरं, बारीक, दळलेलं. लहान टोपात पडलं होतं ते बरणीतलं जाडं, खड्यांचं. मुठीला डबा बदलल्याचं कळत नाही. जाडं मीठ मुठीत पोकळ बसतं, बारीक ठासून भरतं. जाईबाईंनी पदर खोचून मोजून सहा मुठी टाकल्या, देवीचं नाव घेऊन. कृती तीच, हात तोच.

पहिल्या घासाला चाळीस पानांवर जी शांतता पसरली, ती अजून त्यांच्या कानांच्या पाळ्यांत होती. घोट घेतल्याचा आवाज, पाण्याचे पेले. सासूबाईंनी पंगतीवरून नजर फिरवत विचारलं, "मीठ कोणी घातलां?" जाईबाईंना त्या क्षणी सगळं कळलं होतं. पिशवी, बरणी, मूठ, सगळं. जिभेवर खरं येऊन उभं राहिलं होतं, आणि त्याच्या शेजारून, गर्दीत कोपर मारून पुढे जावं तसं, दुसरंच बाहेर पडलं. "मी बेताचं घातलं होतं. नलूनं परत घातलं असेल. तिनं विचारायला हवं होतं." दारात नलू हिरव्या चुड्याच्या हातांत ताकाची कळशी धरून उभी होती. तिनं वर बघितलं नाही, खालीही बघितलं नाही, कळशी घेऊन पंगतीत वाकली आणि ताक वाढू लागली. आणि शामराव तेवढे 'आणखी वाढ गो' म्हणाले, आणि दुसऱ्यांदा घेऊन, भातात कालवून, त्यांनी पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. त्यांना काय कळलं होतं, काय नव्हतं? सत्तावीस वर्षं साच्यांच्या धडधडीत काढलेल्या माणसाला मुकं राहून बोलायची सवय असते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. विचारायचं राहिलं. खरं तर राहिलं नव्हतं; जाईबाईंनी राहू दिलं होतं.

आता तेच वाक्य शिडीच्या खालच्या पायरीवर बसलं होतं, जीन्स घालून. 'त्यानं बघायला हवं होतं.' नाक आपलं, हनुवटी आपली, हे लोक इतकी वर्षं सांगत होते आणि त्या मिरवत होत्या. हेही गेलं असेल तिच्यात, असं कधी वाटलं नव्हतं. पोरीला काय सांगायचं? खरं बोल म्हणून? कुणाच्या तोंडानं? घरात हुकमाचं पान नेहमी जाईबाईंच्या हातात असायचं, आणि आज बघावं तर पानावर काहीच नाही, कोरं. त्यांना घाम आला. ऑक्टोबर होता, घाम येणारच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. घड्याळात साडेअकरा. बाहेर नलू कावळ्याला शिव्या घालत होती, आणि तिच्या शिव्यांतसुद्धा जाईबाईंना कुठे काटा सापडेना. इतकी वर्षं या बाईनं आपल्याला एकदा तरी टोचून बोलावं, म्हणजे फिटलं असतं. तेही तिनं केलं नाही. काय म्हणावं असल्या माणसाला!

"गो नलू!" जाईबाईंनी हाक मारली. आवाज जरा मोठाच निघाला. "हय ये. पापड ऱ्हवांदेत."

नलू पदराला हात पुसत आली. चौसष्टाव्या वर्षीही ती चालताना पायांत जोडवी नवी असल्यासारखी चालायची. "काय बाय, कोण मेला?"

"कोण मरूक नाय. बस. अकू, तूय बस, ऐक." जाईबाई स्वतः मात्र उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, बसून सांगितलं तर अर्धंच सांगू. "त्या वर्साच्या गौरीचा मीठ. सांबाऱ्यातला. तू घालूक नाय हुतंस. कोणीच परत घालूक नाय. चूक माझी हुती. मीठ बारीक हुता आणि मूठ जाड्या मिठाची." एका दमात झालं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं, चार वाक्यांचं. एवढ्याशासाठी इतकी वर्षं तोंड दाबून धरलं होतं?

आकांक्षाचं तोंड उघडं. नलूनं परातीतला एक वाल उचलला, दाबून सोलला, टाकला. "ता माका तेव्हाच म्हायत हुता," ती म्हणाली.

"कसा?"

"पाना उठल्यावर बरणीतला एक मूठ घेतलंय, पिशवीतला एक मूठ घेतलंय. हाताकच समाजला. हलका आणि जड." तिनं दुसरा वाल घेतला. "मी काय ढ नाय गो बाय. सातवी झालंय."

सातवी हा शब्द तिनं हळूच ठेवला, पण बरोबर जागी ठेवला. जाईबाईंना उगाच बरं वाटलं, टोचली एकदाची. "मगे बोललंस नाय कित्याक?"

"नवी नवरी मी, काय बोलूचा? आणि बोलान सांबाऱ्यातला मीठ कमी झाला असता?" नलू आता हसत होती, खांदे हलवत, आवाज न करता. "आणि खरा सांगू? तुमका सगळ्यांका वाटला, नलूक शिक्षा झाली. गौरीच्या दिवशी चुलीकडे माका कोणी फिरकूक देय नाय. तू थय धुरात, घामान निथळतंस. आणि मी नवी साडी नेसान, गजरो माळून, साऱ्या चाळीतल्या गौरी बघीत फिरतंय. ह्या वर्साक चोवीस गौरी बघितलंय. तुझ्या किती झाल्या?"

जाईबाईंची एकही झाली नव्हती. इतक्या वर्षांत एकही नाही. त्यांनी कमरेवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग त्यांना हसू आलं, आधी नाकातून, मग पोटातून, एवढं की शिडीला धरावं लागलं. आकांक्षा दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या चेहऱ्यावर ते चढत चाललेलं दिसत होतं. "म्हणजे नलूचं मीठ..." ती म्हणाली आणि थांबली. मग घड्याळाकडे बघितलं, उठली, शिडी चढली. वरच्या फळीवर पोचल्यावर तिनं खाली वाकून विचारलं, "आजी, त्यांनी पत्र दिलं नाही तर?"

"नाय तर नाय," जाईबाई म्हणाल्या. "पण त्या राहुल्याच्या नावानं म्हण पडली ना तुमच्या हापिसात, तर ती तुझ्या पेन्शनीपर्यंत ऐकशील. मी ऐकलंय."

बारा वाजता वरून आवाज आले, म्हणजे पोरीनं कानांतले बोळे काढले होते. फळ्यांतून गाळून येणारी, अर्धी इंग्रजी भाषा. जाईबाई बिरड्याची फोडणी आटपून, गॅस बारीक करून, कान वर लावून उभ्या. कितीतरी वेळ दुसऱ्याच बाईचं बोलणं, करवंदासारखं आंबट. मग आकांक्षाचं, पहिल्या दोन शब्दांना अडखळून: "मॅडम, नंबर मी कोडमध्ये लिहिला होता. फाइलीत नव्हता, म्हणून राहुलला दिसणं शक्यच नव्हतं. त्याचं सगळं बरोबर होतं." मग शांतता. जाईबाईंना ती शांतता ओळखीची होती. तिच्यात पाण्याच्या पेल्यांचा आवाज तेवढा नव्हता. त्यांनी मनात शामरावांना सांगितलं, ऐकताय ना, आपल्या गिरणीच्या जागेवरची साहेबीण आपल्या पोरीला काय म्हणते ते.

साहेबीण म्हणाली ते आकांक्षानं अर्ध्या तासानं खाली येऊन सांगितलं. पत्र एक महिना पुढे ढकललं. यापुढे कुणीही काही 'तात्पुरतं' लिहायचं नाही. आणि लिहिलेलं दुसऱ्यानं वाचल्याशिवाय चढवायचं नाही. "म्हणजे आता माझं राहुल वाचणार आणि त्याचं मी." तिचे डोळे जरा लाल होते, पण जेवायला काय आहे हे तिनं टोपावरचं झाकण उचलून नेहमीच्याच हावरटपणे बघितलं. "आणि फराळवाल्याकडे सकाळच्या एका बाईचा फोन आला म्हणे. तुमच्या फोनवरच्या आजींना भाजणीचं प्रमाण विचारायचं राहिलं, त्यांना फोन द्या. मॅडम म्हणाल्या, हे मात्र रिपोर्टमध्ये लिहू नकोस." मग हळूच: "खोट्या दुकानात आता कुणाचा नंबर घालू?"

"माझाच घाल. पण फाइलीत."

टोपात बिरडं रटरटत होतं. ओल्या खोबऱ्याचं वाटण पडलं होतं, कोकमं पडली होती, मीठ तेवढं राहिलं होतं. जाईबाईंनी फडताळातून मिठाची बरणी काढली, क्षणभर पोटाशी धरली, आणि नलूपुढे केली. "घाल."

नलूनं बरणीकडे बघितलं, जाईबाईंकडे बघितलं. "जाडा का बारीक?"

"तूच बघ."

तिनं बघितलं. मूठ भरली, वजन केल्यासारखी जरा झुलवली, आणि टाकली. मग थोडा विचार करून आणखी अर्धी टाकली. जाईबाईंच्या जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. चाखायलाही पळी उचलली नाही. आजचा नैवेद्यच म्हणा.

तिघी जमिनीवर पानं मांडून बसल्या. आकांक्षानं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. तिनं आजीकडे बघितलं, पेल्यातलं पाणी संपवलं, दुसरा पेला भरला. जाईबाईंनी घास तोंडात ठेवला. तो जिभेवर पसरला, टाळूला भिडला, कानांच्या पाळ्यांपर्यंत गेला. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं.

"कसा झाला, बाय?" नलूनं विचारलं.

"बेताचा," जाईबाई म्हणाल्या. "आणखी वाढ गो."

नलूनं पळी भरून वाढलं. तेव्हा कुठे जाईबाईंचं लक्ष तिच्या पानाकडे गेलं. तिनं बिरडं घेतलंच नव्हतं. ती मजेत दहीभात कालवत होती.